दोनशे पंचावन्न माणसांची जागा

आमचे हे पाण्याचे मीटर दुरुस्त करायचे. गल्लीत त्यांना सगळे ‘मीटरवाले’ म्हणत आणि मला ‘मीटरवाल्यांची बायको’. माझं खरं नाव पोस्टमन सोडला तर कुणाला ठाऊक नव्हतं. एकतीस वर्षं त्यांनी एकाच वर्कशॉपमध्ये काढली. लांबलचक पत्र्याची शेड, मधोमध सिमेंटचा हौद, भिंतीला फळ्या आणि फळ्यांवर घराघरांतून उपटून आणलेले पितळी मीटर, प्रत्येकाच्या मानेला तारेने बांधलेली पत्त्याची चिठ्ठी. हे मीटर उघडायचे, आतला गाळ खरवडायचे, झिजलेलं दातेरी चाक बदलायचे आणि मोजून शंभर लिटर पाणी त्यातून सोडायचे. आकडा बरोबर शंभराने पुढे सरकला की मीटर पास. नाही सरकला की पुन्हा उघडायचा. माणूस बोलण्याच्या बाबतीत महाकंजूष. दिवसाला जेवढे मीटर उघडत तेवढे शब्दही तोंडातून निघत नसतील.

त्या वर्कशॉपची एक रीत होती. नवा भाग बसवण्याआधी जुना हातोडीने मोडायचा. पूर्वी कधीतरी कुणीतरी झिजलेलं चाक चुकून नव्यांच्या डब्यात टाकलं होतं आणि ते वर्षभर ह्या मीटरमधून त्या मीटरमध्ये फिरत राहिलं होतं. तेव्हापासून ही रीत. ह्यांनी ती घरीही आणली. नव्या चपला आल्या की आधी जुन्यांचे पट्टे कापायचे. नवा ब्रश काढला की जुन्याचे दोन तुकडे. मी एक जुना झाडू मागच्या दारी वापरायला लपवून ठेवला होता, तर तो शोधून काढून मोडला. “दोन असले की गोंधळ होतो,” एवढंच म्हणाले. मी हसून सोडून द्यायचे. तेव्हा हसले त्याचा आता राग येतो.

आम्हाला एकच मुलगी झाली. तिला आम्ही भुंगा म्हणायचो, कारण ती सदानकदा गुणगुणायची. जेवताना, वेणी घालताना, पाढे लिहिताना. गाणं असं कुठलं नव्हतंच. नऊ सुरांचा एक तुकडा होता, तिचा तिनेच जुळवलेला, आणि तो ती कधीच पुरा करायची नाही. नवव्या सुरावर अधांतरी थांबायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. ऐकणाऱ्याचा जीव टांगणीला लागायचा.

“अगं, पुढे म्हण की एकदाचं!” मी ओरडायचे.

“पुढे नाहीच आहे,” ती म्हणायची.

सात वर्षांची असताना तिच्या छातीत कफ साठला. आधी साधा खोकला म्हणून आम्ही घरीच औषधं दिली, मग एका सकाळी ओठ निळे दिसले आणि हॉस्पिटलात धावलो. सहा दिवस होतो तिथे. खाटेशेजारी ऑक्सिजनचं नळकांडं आणि त्याच्या तोंडाशी काट्याचा मीटर. मीटर म्हटल्यावर ह्यांचे डोळे तिथेच चिकटले. “अजून अर्धं आहे, पुरेल,” असं दर थोड्या वेळाने म्हणायचे. सहाव्या दिवशी दुपारीही तेच म्हणाले. नळकांडं खरंच अर्धं भरलेलं होतं. भुंगाच संपली होती.

घरी आल्यावर मी त्यांना म्हणाले, “ती तुमच्याकडे बघत होती आणि तुम्ही मीटर बघत होतात.” असं बोलायला नको होतं. पण बोलले, आणि एकदा नाही, त्या वर्षात दहा वेळा बोलले.

दोन वर्षांनी त्यांनी घरी कॉम्प्युटर आणला. तेव्हा नवीनच निघाले होते, घरच्या टीव्हीला जोडायचे. जाडजूड वहीएवढी नुसती बटणांची पाटी, आणि आत काही भरायचं तर टेपरेकॉर्डर लावून साध्या कॅसेटवरून भरायचं. कॅसेट सुरू केली की किर्रर्र आवाज यायचा आणि सहा-सात मिनिटं वाट बघावी लागायची. टेपरेकॉर्डरही तेव्हाच आला, म्हणजे ती गेल्यावर. तिचा आवाज आमच्याकडे कुठेच नव्हता.

हे वर्कशॉपमधून आले की पुस्तक उघडून त्या पाटीशी बसायचे. मला वाटलं, बरंय, मन रमतंय. दीड वर्षाने कळलं की ते एक खेळ लिहीत होते. ‘नवा तळ’ हे त्याचं नाव. पृथ्वीपासून लांब एका ओसाड ग्रहावर चाळीस माणसं उतरतात. दर वर्षी खेळणाऱ्याने ठरवायचं, किती जणांनी धान्य पिकवायचं, किती जणांनी बर्फ खणून पाणी काढायचं, किती जणांनी हवेची यंत्रं चालवायची, नवं घर बांधायचं की थांबायचं. आकडे टाकायचे, बटण दाबायचं, वर्ष उलटायचं. मग पडद्यावर यायचं: इतके जन्मले, इतके मेले, इतके आहेत. चित्र वगैरे काही नाही, नुसते शब्द आणि आकडे. ह्यांच्यासारखाच खेळ, सुका.

एकच गोष्ट त्यात सुकी नव्हती. खेळ सुरू होताना आणि नंतर दर नव्या वर्षाला मशीनमधून नऊ सूर वाजायचे. भुंग्याचे. ते जमवायला आम्हाला दोन महिने लागले. ह्यांना सुरातलं ओ का ठो कळत नव्हतं आणि माझ्या गळ्यात सूर नाही, पण कान पक्का. ते एक आकडा टाकायचे, मशीन पिंग करायचं, मी म्हणायचे, “वर.” पुन्हा पिंग. “इतका वर नाही.” असे नऊ सूर आम्ही एकेक करून परत आणले. ती गेल्यानंतर आम्ही दोघांनी मिळून केलेलं ते पहिलं काम. त्यानंतर मी मीटरवरून टोमणा मारणं बंद केलं.

आता खणांचं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. मशीनच्या डोक्यात मोजके खण असतात, असं ह्यांनी मला समजावलं होतं. एका खणात शून्यापासून दोनशे पंचावन्नपर्यंतचा आकडा मावतो. त्याहून मोठा आकडा हवा तर दोन खण द्यायचे. खण इतके थोडे होते की ह्यांनी प्रत्येकासाठी जीव काढला होता. ‘तुमच्या तळावरची हवा संपलेली आहे’ हे वाक्य कापून ‘हवा संपली’ केलं होतं. एकदा त्यांच्या चौकटीच्या वहीत डोकावले तर हवेला दोन खण, धान्याला दोन, पाण्याला दोन आणि माणसांना एक.

“माणसांनाच बरी कंजुषी केलीत,” मी म्हटलं.

“पुरतो,” ते म्हणाले. “नव्वदच्या वर जात नाही कुणी. मी स्वतः शंभरदा खेळलो. कुठेतरी हवा कमी पडतेच.”

त्यांना खरंच तसं वाटत होतं. माणसं टिकत नाहीत, हे त्यांनी हॉस्पिटलात शिकून घेतलं होतं आणि खेळातही तेच धरून चालले होते.

एका मासिकात चार ओळींची जाहिरात दिली आणि थोडी थोडी मागणी यायला लागली. कॅसेटी भरायचं काम माझं. स्वयंपाकघरातल्या ओट्यावर दोन टेपरेकॉर्डर तारेने जोडलेले, एकात मूळ कॅसेट, दुसऱ्यात कोरी. भरून झाली की मशीनवर लावून तपासायची. नऊ सूर नीट वाजले की कॅसेट पास. मग चिकटपट्टीवर माझ्या अक्षरात ‘नवा तळ’ लिहायचं, पाकिटात घालायचं. दिवसाला दोन-तीन कॅसेटी व्हायच्या. म्हणजे दिवसातून दोन-तीनदा माझी मुलगी घरात गुणगुणायची. चार वर्षं हे चाललं. लोक विचारायचे, कंटाळा नाही का येत त्याच त्या कामाचा? मी नुसतं “नाही” म्हणायचे. त्यांना काय कळणार होतं?

खेळणाऱ्यांची पत्रं यायची. ‘आमचे सगळे अकराव्या वर्षी मेले, काय चुकलं?’ हे कार्डावर उत्तर लिहायचे, ‘हवा.’ एवढंच. मी डोक्यावर हात मारायचे. “अहो, निदान नमस्कार तरी लिहा!” मग ते ‘नमस्कार. हवा.’ असं लिहायचे.

मग एका गुरुवारी क्रेनवाल्याचं पत्र आलं.

तो आमच्यापासून चार तासांवरच्या एका गोदीच्या गावात राहायचा. लिहिलं होतं, ‘मी क्रेन चालवायचो. साखळी सुटली तेव्हा खाली दोन माणसं होती. ती गेली. मी केबिनमधून उडी टाकली ती चुकीच्या बाजूला, आता कमरेखाली काही नाही. पडून असतो. बहीण बघते. चार महिने झाले, तुमचा खेळ खेळतोय. मशीन एकदाही बंद केलेलं नाही. रोज सकाळी एकच वर्ष खेळतो, मग दिवसभर उद्याचा विचार करतो. आज माझ्या तळावर दोनशे अडतीस माणसं आहेत. पहिल्या वर्षापासून एकही मेलेला नाही. माझ्या हातून दोन गेली, आता एकही जाऊ द्यायचा नाही, असं ठरवलंय. तुम्ही खेळ बनवलात म्हणून तुम्हाला कळवतो. बरोबर चाललंय ना?’

हे पत्र ह्यांनी उभ्या उभ्या वाचलं आणि मला मोठ्याने वाचून दाखवलं. त्यांचा चेहरा असा फुललेला मी वर्षानुवर्षं पाहिला नव्हता. “दोनशे अडतीस!” ते म्हणाले. “होऊ शकतं म्हणजे. हवा पुरवता येते.” दोन घास जास्त जेवले. आणि तिसरा घेता घेता हात तसाच राहिला.

“काय झालं?”

“मी माणसांना एकच खण दिलाय,” ते म्हणाले.

मला लगेच कळलं नाही. त्यांनी ताटात बोटाने आकडे काढले. दोनशे पंचावन्नपर्यंत ठीक. दोनशे छप्पन्न झाले की तो खण भरून पुन्हा शून्य होणार, आणि शून्य दिसलं की मशीन ‘तळ निर्मनुष्य. खेळ संपला’ म्हणणार. मीटरचं असंच असतं, नऊ हजार नऊशे नव्व्याण्णवनंतर चार शून्यं येतात. पण मीटरचं कुणाला काही वाटत नाही, कारकून दहा हजार मिळवून मोकळा होतो. आयुष्यभर आकडे शून्यावर येताना पाहिलेल्या माणसाला त्या शून्याची भीती कधी वाटलीच नव्हती.

“आणि एकदम दोनशे सत्तावन्न झाले तर?” मी विचारलं.

“तर एक.”

“कोण एक?”

त्यांनी ताट बाजूला सारलं.

पत्र यायला चार दिवस लागले होते. रोज दोन-तीन माणसं वाढत असणार. म्हणजे आज अडीचशेच्या घरात. हे चपला न घालता तारऑफिसला पळाले. तार अशी केली: ‘थांबा. पुढचं वर्ष खेळू नका. तळ कॅसेटवर उतरवून ठेवा. नवी कॅसेट पाठवतो.’ दुसऱ्या दिवशी दुपारी उलट तार आली: ‘थांबलो. २५४.’ माझ्या जिवात जीव आला. मला वाटलं, संकट टळलं.

पण नवी कॅसेट म्हणजे बदललेला खेळ. माणसांना दुसरा खण द्यायचा, म्हणजे खेळात माणसांचा हिशेब येतो ती प्रत्येक जागा बदलायची. त्याला अडतीस खण लागत होते आणि ह्यांच्याकडे शिल्लक होते तीन. त्यांनी वर्कशॉपला सुट्टी टाकली. असं भुंगा गेल्यानंतर पहिल्यांदाच केलं. शुक्रवार, शनिवार, रविवार, सोमवार, चार दिवस शब्द कापत बसले. ‘धान्य कमी’चं नुसतं ‘धान्य’ केलं.

“ते ‘खेळ संपला’ काढून टाका की,” मी म्हटलं.

“मग संपला हे कळणार कसं?”

“नाही कळलं तर बरंच आहे.”

सोमवारी दुपारी मी बाजारातून आले तेव्हा ते हात धुऊन शांत बसले होते. म्हणाले, “झालं. पार्सल टाकून आलो. बाकीच्या कॅसेटीही नव्याने भरल्यात. तू फक्त तपास.” एवढा लांब बोलणारा माणूस नव्हे तो, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकायला हवी होती.

मी पहिली कॅसेट लावली. सात मिनिटं किर्रर्र झालं. पडद्यावर ‘नवा तळ’ आलं, चाळीस माणसं आली, आणि आवाज नाही. मला वाटलं, कॅसेट खराब. दुसरी लावली. तीही मुकी. टीव्हीचा आवाज वाढवला, तार हलवून पाहिली, तिसरी लावली. तिसरीची सात मिनिटं मी ओट्याला धरून उभी होते. तीही मुकी निघाल्यावर मागे वळून पाहिलं तर हे दारात उभे.

“सूर काढलेत तुम्ही,” मी म्हणाले.

“चाळीस खण होते त्यात,” ते म्हणाले. “दुसरं काही उरलं नव्हतं काढण्यासारखं.”

“जुनी मूळ कॅसेट कुठाय?”

त्यांनी कपाटाकडे पाहिलं.

“अहो, जुनी कुठाय?”

तिच्यावरच नवी भरली होती. कपाटातल्या अठरा कॅसेटींवरही नवी. वहीतलं सुरांच्या आकड्यांचं पानही फाडून बंबात घातलं होतं. चुकीचा खेळ चुकून कुणाकडे जायला नको, म्हणून. दोन असले की गोंधळ होतो, म्हणून. वर्कशॉपची रीत. हात आपोआप चालले, असं ते म्हणाले, आणि सगळं पुसून झाल्यावर आपण काय पुसलं ते त्यांच्या लक्षात आलं.

मी त्या दिवशी काय काय बोलले ते लिहिणार नाही. मीटरचं परत काढलं, एवढं सांगते. एक टेपरेकॉर्डर ओट्यावरून खाली ढकलला. ते तुकडे गोळा करत राहिले. म्हणाले, “पुन्हा जमवू. तू वर-खाली सांग, मी आकडे टाकतो.” बसलो आम्ही, दोन दिवस बसलो. पण चार वर्षं मशीनचे सूर ऐकून ऐकून माझ्या कानात मशीन बसलं होतं. भुंगा खरी कशी म्हणायची, ते आठवायला गेले की काहीच येईना. प्रत्येक सूर बरोबरही वाटायचा आणि चूकही. शेवटी मीच उठले.

आणि मग बहिणीचं पत्र आलं, क्रेनवाल्याच्या. ‘भाऊ मंगळवारी सकाळी गेला. पाठीच्या जखमा चिघळल्या होत्या, ताप उतरला नाही. तुमची तार आली त्यानंतर त्याने मशीनला हात लावला नाही. रोज विचारायचा, पार्सल आलं का? ते बुधवारी आलं. त्याने तळ कॅसेटवर उतरवून घेतला होता, ती कॅसेट माझ्याकडे आहे. मला यातलं काही कळत नाही. फेकवत नाही. काय करू?’

ह्यांनी ते पत्र पुन्हा एकदा वाचलं. मग म्हणाले, “मी चार दिवस शब्द कापत बसलो. सूर शुक्रवारीच काढले असते तर सोमवारी पार्सल पोचलं असतं. एक तरी वर्ष खेळला असता तो.”

म्हणजे ते चार दिवस भुंग्याचे सूर वाचवण्यात गेले होते, आणि मला ते तोपर्यंत कळलंच नव्हतं. मला वाटलं होतं, त्यांनी सहज उपटून टाकले. मला रडू कोसळलं. पण खरं सांगायचं तर त्याच क्षणी डोक्यात दुसराही विचार आला, आणि त्याची लाज अजून वाटते. क्रेनवाल्याकडे जुनी कॅसेट होती. माझ्या हाताने भरलेली. सुरांची.

बाकी ज्यांना कॅसेटी गेल्या त्यांचे पत्ते आम्ही ठेवले नव्हते. पाकिटावर लिहून झालं की चिठ्ठी फाडायची, तीही ह्यांचीच रीत. हे म्हणाले, “जायला हवं. त्याची माणसं पुढे न्यायला हवीत.” मी म्हटलं, “मीही येते.” ते तळासाठी निघाले होते, मी कॅसेटसाठी. बसमध्ये चार तास आम्ही शेजारी शेजारी बसून वेगवेगळ्या ठिकाणी चाललो होतो.

बहीण गणवेश शिवायची. दोन खोल्या, बाहेरच्या खोलीत शिलाई मशीन आणि निळ्या कापडाचे गठ्ठे, आतल्या खोलीत त्याची लोखंडी खाट. खाटेवर छताला एक कप्पी बसवलेली आणि तिच्यातून दोर खाली सोडलेला. “स्वतःला उचलायला लावून घेतली होती,” ती म्हणाली. “म्हणायचा, आता मीच माझा माल.” पायथ्याशी खोक्यावर टीव्ही, पोटावर आडवी ठेवायची फळी, फळीवर बटणांची पाटी, तो गेला त्या दिवशीच बंद केलेली, म्हणजे आत काही उरलेलं नव्हतं. गादी गुंडाळलेली होती.

तिने कॅसेट आणून दिली. वर माझ्याच अक्षरात ‘नवा तळ’ आणि खाली त्याच्या अक्षरात: ‘२५४. सगळे जिवंत. पुसू नये.’

मी कॅसेट उलटून पाहिली. “ही एकच होती?” मी विचारलं.

“एकच. तारेत लिहिलं होतं ना, कॅसेटवर उतरवा म्हणून. दुसरी कुठून आणणार? तो म्हणाला, ही सुरुवातीपर्यंत मागे गुंडाळ आणि रेकॉर्डचं लाल बटण दाब. मीच दाबलं.” तिने आमच्या दोघांच्या तोंडाकडे पाहिलं. “चुकलं का काही?”

“नाही,” हे म्हणाले. “बरोबर केलंत.”

खेळाची सुरुवात पुसली गेली की मशीन पुढचं काही वाचत नाही. जिथे भुंगा होती तिथे आता ती दोनशे चोपन्न माणसं होती. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी का आले होते ते त्यांना बसमध्येच कळलं असणार. मी मान फिरवली.

ह्यांनी नवा खेळ मशीनमध्ये भरला, मग त्याची कॅसेट लावली. पडद्यावर आकडे आले. माणसं दोनशे चोपन्न. धान्य कितीतरी वर्षं पुरेल इतकं साठवलेलं, पाणी भरपूर, आणि हवा गरजेच्या दुपटीपेक्षा जास्त. हे वाकून तो हवेचा आकडा बघत राहिले. त्यांना कधी एवढी हवा जमवता आली नव्हती. “काय माणूस होता,” असं काहीतरी पुटपुटले.

मग बहिणीला म्हणाले, “बटण तुम्ही दाबा. तुमच्या घरचा तळ आहे.”

तिने पदराला बोट पुसलं आणि दाबलं. खोलीत काही आवाज झाला नाही. आकडे हलले. जन्मले तीन. मेले शून्य. आहेत दोनशे सत्तावन्न.

ह्यांनी डोळे मिटले. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. कितीतरी वर्षांनी ठेवला.

“झालं?” बहिणीने विचारलं. “पण ते वाजलं नाही.”

“काय?” मी म्हणाले.

“रोज सकाळी बटण दाबलं की वाजायचं ना ते. मला तिकडे शिवता शिवता ऐकू यायचं. तोंडातच बसलंय माझ्या. हे असं…”

आणि तिने गुणगुणून दाखवलं. मशीनसारखं नाही. बाईच्या गळ्याने, हलकं, जरा श्वास घेत. पहिले चार सूर झाले आणि मला भुंग्याची वेणी हातात आल्यासारखी वाटली. असंच. असंच म्हणायची ती. ह्यांना सुरातलं काही कळत नव्हतं, पण त्यांनीही खाटेची दांडी धरली. सात, आठ, नऊ. आणि मग त्या बाईने, तिला ते अर्धवट वाटत असणार, सवयीने पुढचा सूर लावला, गोड, खाली येणारा, तिचा स्वतःचा.

“नाही,” मी म्हणाले. माझा आवाज इतका चढला की ती दचकली. मी तिचा हात धरला. “नवव्यावर थांबायचं. पुढे नाहीच आहे.”